आजोबांसाठी एक काना

अक्षरं आपण मुलांच्या हातात फार लवकर देतो आणि कानात फार उशिरा. चार वर्षांच्या पोराला ठिपक्याठिपक्यांवरून ‘अ’ गिरवायला बसवलं, पानभर ‘अ’ काढून झाले, की घरादाराला शिक्षण सुरू झाल्याचं समाधान मिळतं. ‘अननस’ आणि ‘अळू’ यांची सुरुवात एकच आहे हे त्या पोराला ऐकू येतं का, हे कुणी विचारत नाही. ते ऐकू येत नसेल तर पानावरचा ‘अ’ म्हणजे नुसतं एक चित्र, तेही हात दुखवून काढलेलं.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण आमच्या घरी सध्या हाच उद्योग चालू आहे. लेक, घरातलं नाव मनू, इंग्रजी शाळेच्या सीनियर केजीत आहे. (मराठी शाळा का नाही, यावर आमच्याकडे पुरेशी भांडणं होऊन गेली आहेत, ती पुन्हा उकरत नाही.) २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली खरी, पण ती पहिलीपासून. तोवर एबीसीडी अंगवळणी पडलेली असते आणि मराठी हा आणखी एक विषय होऊन बसतो. तसं व्हायला नको होतं. पण घरी वेगळा ‘मराठीचा तास’ घ्यायला वेळ कुणाला आहे? मी दादरहून ठाण्याला घरी पोचते तेव्हा कुकर लावायची वेळ झालेली असते. म्हणून जे काही करायचं ते कुकर लावता लावता.

त्यामुळे पहिला खेळ स्वयंपाकघरातलाच. मी शब्द फोडून सांगायचा, तिने तो जोडायचा आणि ती वस्तू आणून द्यायची. “मला दे बघू... ह... ळ... द.” कागद नाही, पेन्सिल नाही, डोळ्यांपुढे एकही अक्षर नाही. सुरुवातीला ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मग मी मधलं अंतर कमी करत न्यायचे. कुठल्या तरी क्षणी तिचा चेहरा बदलायचा आणि मिसळणाचा डबा ओढला जायचा. आता ती उलटं करते, मला फोडून सांगते. “को... थिं... बी... र.” शब्द कुठे तोडायचा हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मराठी बोलणारं मूल आपोआप तिथेच तोडतं, आणि आपली लिपीही नेमकी तिथेच तोडते. इंग्रजीतल्या ‘कॅट’चे तीन आवाज सुटे करताना याच मुलांची जी तारांबळ उडते, ती इथे उडत नाही. आपल्याला आयती मिळालेली ही सोय आपण वापरत नाही, याचं मला फार आश्चर्य वाटतं.

एक खोच आहे, ती मात्र लक्षात ठेवायला हवी. फोडून म्हणताना आपण ‘द’ पूर्ण म्हणतो, पण ‘हळद’ बोलताना शेवटचा ‘अ’ गिळून टाकतो. जी मुलं आधी अक्षर आणि मग शब्द असं शिकतात ती ‘ह, ळ, द’ असं तीन सुटे ठोकळे वाचतात आणि पुढे काय करायचं ते त्यांना कळत नाही. कानाने आधी खेळून झालेलं मूल तिथे अडत नाही. आपण काय ऐकायला निघालो आहोत, हे त्याला ठाऊक असतं.

याच खेळातून ‘ळ’ची मोहीम निघाली. भिंतीवरचे सगळे तक्ते पहिल्या अक्षराच्या मागे असतात, आणि मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ने शब्द सुरूच होत नाहीत. मग तक्ता बिचारा ‘बाण’ आणि ‘कमळ’ काढून वेळ मारून नेतो. आम्ही शेपटाकडून निघालो. शेवटी ‘ळ’ येणारं घरात काय काय आहे? डाळ, गूळ, तांदूळ, फळ, नळ. सासूबाई भाजी निवडता निवडता भर घालत होत्या. दिवाणखान्यातून सासरे ओरडले, “गोंधळ!” मनू खरोखरच तो शोधायला आतल्या खोलीत गेली आणि खेळण्यांच्या पसाऱ्याकडे बोट दाखवून “सापडला” म्हणाली. ‘ळ’ लिहायला ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी शिकली, पण तो तिच्या ओळखीचा झाला तो त्या संध्याकाळी.

तक्त्यांवरून आठवलं. बाजारातले तक्ते अजूनही ‘ऐ’ ऐरणीचा, ‘औ’ औताचा, ‘उ’ उखळाचा आणि ‘ख’ खटाऱ्याचा असंच सांगतात. यातली एकही वस्तू आमच्या इमारतीत कुणाच्या घरी नाही. जुन्या वस्तूंची नावं मुलांना कळू नयेत असं मी म्हणत नाही, पण अक्षर आणि वस्तू दोन्ही एकदम अनोळखी असतील तर एकाचा आधार दुसऱ्याला कसा मिळणार? औषध रोज घरात असतं. आणि ‘ऐ’साठी तर कसल्याच चित्राची गरज नाही. दिवसातून दहा वेळा मी तिला “ऐक!” म्हणून ओरडत असतेच.

क ख ग घ या क्रमावर शाळांनी कधीच फुली मारली आणि ‘ग म भ न’ धरलं, ते लिहिण्या-वाचण्याच्या सोयीसाठी योग्यच झालं. पण जुना क्रम टाकाऊ नाही, तो तोंडाचा नकाशा आहे. मनूला मी आरशासमोर उभी करते आणि दोघी मिळून म्हणतो: क, च, ट, त, प. घशातून निघालेला आवाज टाळूला लागतो, जीभ मागे वळते, दातांना टेकते आणि शेवटी ओठ बंद होतात. ‘प’ म्हणताना आरशावर वाफ येते. मग ‘फ’ म्हणून बघायचं, ती जास्त येते. तळहात तोंडासमोर धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हटलं की ‘ख’ची फुंकर हाताला लागते. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी ही मांडणी केली त्यांनीही जीभ कुठे लागते हे असंच बघितलं असणार. पाच वर्षांच्या मुलीला ती पाठ करायला न लावता बघायला लावली तर तिला ती भलतीच गमतीची वाटते.

आता हात. हाताला माझा विरोध नाही, पेन्सिलला आहे, तोही त्या वयापुरता. पूर्वी मुलं धुळपाटीवर शिकत, म्हणजे फळीवर बारीक धूळ पसरायची आणि त्यात बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं. चुकलं तर हात फिरवला की फळी कोरी. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, त्यांच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं होती. मूल त्यावरून बोट फिरवतं आणि त्याच वेळी तो आवाज उच्चारतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा परदेशी धर्तीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. मग खडे, बिया, शिंपले, पानं, जे आजूबाजूला होतं तेच साधन झालं. पुढे सहकारी अनुताई वाघांबरोबर हेच काम १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये चाललं. मुलं शाळेपर्यंत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची आणि गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी कुरणात भरवायची. आज आपण ‘ॲक्टिव्हिटी किट’ या नावाने जे खोके मागवतो, त्यातलं निम्मं सामान या दोघींनी फुकटात जमवलं होतं.

आमच्याकडे धुळीच्या जागी रवा. इंटरनेटवर ज्या सुंदर ताटल्या दिसतात त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही: रवा किती घ्यायचा. जाड थर घातला की बोट उचलल्याबरोबर कडा ढासळतात आणि रेघ भरून येते. थर इतका पातळ हवा, की बोट फिरलं तिथे तळ दिसला पाहिजे. आणि तळ गडद हवा. स्टीलच्या ताटावर पांढरा रवा म्हणजे मुलाला काही दिसतच नाही. मी बेकिंगचा काळा ट्रे वापरते. बारीक रवा जाड्यापेक्षा बरा. रांगोळी बोटांना टोचते, मीठ एखादा ओरखडा असला की चुरचुरतं, आणि पिठीसाखरेचं काय होतं ते सांगायला नको. खेळ संपला की रवा वेगळ्या बरणीत भरायचा. तो शिऱ्याला घ्यायचा नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.

रव्यात एका बैठकीला एकाच घराण्यातली अक्षरं काढायची. व, ब, क. प, ष, फ. त, न, ल. ट, ठ, ढ, द. आधी ‘व’ येऊ द्यायचा, मग त्याच्या पोटात तिरकी रेघ दिली की ‘ब’, बाहेर शेपूट काढलं की ‘क’. चौतीस व्यंजनं, ‘ळ’ धरून, असं ऐकलं की घाबरायला होतं, पण हाताला शिकायची वळणं मोजकीच आहेत. जिथे खरोखर घोटाळा होतो त्या जोड्या म्हणजे घ-ध आणि म-भ. यावर तोडगा मनूनेच काढला: “घ आणि म ला पूर्ण छप्पर आहे, ध आणि भ चं फुटलंय.” शिरोरेघ अखंड आहे की तुटलेली, हे तिने एका वाक्यात सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे ‘ध’ आणि ‘भ’ पावसात भिजतात.

इथवरचं सगळं थोड्याफार फरकाने बऱ्याच घरांत चालत असेल. मला ज्याचं सर्वांत कौतुक आहे तो खेळ पुढचा, कारण तो मराठीतच होऊ शकतो.

मराठीत एकेरी हुकूम करायचा तर बहुतेक वेळा नुसता धातू पुरतो आणि त्यातल्या कितीतरी हुकमांना मात्राच नसते. बस. पळ. हस. रड. बघ. चल. लप. वळ. सरक. पकड. उतर. दोन-तीन अक्षरं, काना नाही, वेलांटी नाही. म्हणजे ज्या मुलाला जेमतेम डझनभर अक्षरं येतात तेही हे वाचू शकतं. आणि नुसतं वाचू शकतं असं नाही, वाचलं की समोरच्याला ते करावं लागतं! मी जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोनी तुकडे कापले (पत्रिकेचा कागद जाड असतो, आणि एका लग्नसराईत वर्षाची बेगमी होते), एकेकावर एकेक हुकूम लिहिला आणि सगळे डब्यात टाकले. मनूने चिठ्ठी काढायची, वाचायची, ज्याच्यावर बोट ठेवेल त्याने हुकूम पाळायचा. ‘घर’, ‘कमळ’, ‘बदक’ असले शब्द वाचून मुलाच्या हाती काय लागतं? एक शाबासकी. इथे ‘रड’ वाचलं की आजी पदर डोळ्यांना लावून हुंदके देते. आजीला ती ‘तू’च म्हणते, त्यामुळे काही अडचण नव्हती. एकदा ‘गप’ आणि ‘बस’ या दोन चिठ्ठ्या लागोपाठ निघाल्या आणि सासूबाईंना संपूर्ण जाहिरातींच्या वेळात बोलायची बंदी झाली. ‘ऊठ’ची चिठ्ठी तेवढी मी आधीच बाजूला ठेवली होती. ‘ऊठ’ दीर्घ आणि ‘उठा’ ऱ्हस्व, हे लफडं त्या वयात कोण निस्तरणार?

मग तिने ‘पळ’ काढली आणि बोट आजोबांवर ठेवलं. आजोबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, “हा हुकूम माझा नाही.”

“तुमचाच आहे!”

“मग मला ‘पळ’ कसं म्हणतेस? आजोबांना काय म्हणतात?”

“पळा.”

“कागदावर काय लिहिलंय?”

तिने पुन्हा वाचलं. “पळ.” मग ती चिठ्ठी माझ्यापुढे आली, ‘पळा’ करून दे म्हणून. मी स्केचपेन तिच्याच हातात दिला आणि ‘ळ’च्या पुढे एक उभी रेघ ओढायला सांगितली. काना. आजोबांनी चष्मा लावला, चिठ्ठी तपासली, आणि बासष्टाव्या वर्षी सोफ्याभोवती एक फेरी मारली. त्यानंतर तिने डबा उपडा केला आणि सगळ्या चिठ्ठ्या आजोबांसाठी दुरुस्त केल्या. हसा, रडा, लपा, बघा, सरका. काना म्हणजे ‘आ’चा आवाज, हे मी तिला शिकवलंच नाही. वडीलधाऱ्यांना आदराने बोलायचं तर शेवटी एक काठी उभी करावी लागते, एवढंच तिने पाहिलं.

एकट्या बाराखडीनेच चौतीस गुणिले बारा म्हणजे चारशे आठ रूपं होतात, आणि आता ॲ-ऑ धरून चौदाखडी म्हणतात, म्हणजे आकडा आणखी वाढला. ती ‘क का कि की’ अशी तालात पाठ करून घेण्याला माझी हरकत नाही. ताल मुलांना आवडतो. पण पाठ केलेल्या मुलाला मधूनच ‘मे’ विचारा, ते ‘म’पासून मोजत येतं. त्यापेक्षा पारदर्शक प्लॅस्टिक बरं. शाळेच्या प्रोजेक्ट फाइलचं वरचं कव्हर असतं ना, त्याच्या पट्ट्या कापल्या. एका पट्टीवर फक्त काना, एकीवर मात्रा, एकीवर दीर्घ वेलांटी, कायमच्या मार्करने. अक्षराच्या कार्डावरून ती पट्टी सरकवायची. तीच पट्टी ‘म’वर ठेवली की ‘मी’, ‘त’वर ‘ती’, ‘ह’वर ‘ही’. पट्टी तिच्या हातात असते, आवाज तिच्या तोंडात.

ऱ्हस्व वेलांटीची पट्टी मात्र मी मुद्दाम उशिरा काढली. आपल्या लिपीत सर्वांत अवघड काय, तर ही. अक्षराच्या आधी लिहितात, उच्चारतात अक्षराच्या नंतर. डावीकडून उजवीकडे निघालेलं मूल ‘कि’ बघून ‘इक’ म्हणालं तर चूक त्याची नाही. तिला मागे ठेवायची सोय मराठी शुद्धलेखनातच आहे: शब्दाच्या शेवटी येणारा इकार आपण सहसा दीर्घच लिहितो. त्यामुळे आजी, काकी, पाणी, पोळी, भाजी, बशी, वाटी, खिडकीबाहेरची गाडी... थांबा, ‘खिडकी’त ती आलीच. तर ‘खिडकी’ वगळून बाकी सगळं घर दीर्घ वेलांटीवर वाचून होतं. ‘आणि’ हा आडमुठा अपवाद, तो आख्खा शब्द चित्रासारखा ओळखू द्यायचा. तोवर वाचायची चटक लागलेली असते, मग ऱ्हस्व वेलांटी एक वेडेपणा म्हणून खपून जाते. “ही आधी येऊन बसते आणि मागून बोलते,” असं मी सांगितलं. “आजीसारखी नाही,” मनू म्हणाली. “आजी आधीच बोलते.”

रविवारी आम्ही कधी कधी लोकलने माझ्या आईकडे दादरला जातो, स्लो गाडीने, गर्दी नसते म्हणून. वाचनासाठी इतकी चांगली सोय मी दुसरी पाहिलेली नाही. डब्यात आधी आवाज येतो, “पुढील स्टेशन...” आणि मिनिटभराने तोच शब्द खिडकीबाहेर पाटीवर हातभर मोठा उभा. आधी कानाला, मग डोळ्याला. मुलुंड, नाहूर, भांडुप पटपट जातात, ‘विद्याविहार’ला मी तिचं लक्ष दुसरीकडे वळवते. ‘दादर’ मात्र तिचं. तिथे मराठी आणि हिंदी दोन्ही सारखंच, त्यामुळे पाटीवर ते दोनदा लिहिलेलं दिसतं, आणि तिला वाटतं ते जरा जास्त महत्त्वाचं स्टेशन आहे. (दादरकरांना यात काही वावगं वाटणार नाही.) उतरल्यावर दुकानांच्या पाट्या. त्या मराठीत असाव्यात यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं आणि २०२३ मध्ये तंबी मिळाल्यावर बऱ्याच बदलल्या. बहुतेकांवर मराठी अक्षरांत इंग्रजीच असतं, ‘फॅशन’, ‘मेडिकल’, ‘बॅग हाउस’. भाषाप्रेमी कपाळाला हात लावतील. मला त्यातून ॲ आणि ऑ फुकटात शिकवून मिळाले.

जोडाक्षरांना आम्ही अजून हात लावलेला नाही. लग्नपत्रिकेच्या तुकड्यांवर कधी कधी ‘श्री गजानन प्रसन्न’मधला अर्धामुर्धा ‘प्रस’ राहून गेलेला असतो, तिकडे ती संशयाने बघते, एवढंच.

गेल्या आठवड्यात फ्रिजवर एक चिठ्ठी दिसली, चुंबकाखाली, तिच्या अक्षरात: ‘बाबा चाहा कर.’ सांगून लिहिलेलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. आजोबा लाल पेन घेऊन उठले, ‘च’चा काना खोडायला. मी मधे पडले. जसं ऐकलं तसं लिहिलंय, आणि ऐकलं बरंचसं बरोबर आहे, ‘चहा’चं पुढे बघू, आता कुणी हात लावायचा नाही. आजोबा म्हणाले, मी बिघडवतेय. यावर अजून एकमत झालेलं नाही. नवऱ्याने तेवढ्यात हुकूम पाळून आधण ठेवलं होतं. सासूबाईंनी त्याच चिठ्ठीखाली आपली चिठ्ठी लावली: ‘आलं घाल.’ मनूने ‘आल’ वाचलं, मग वरच्या टिंबावर बोट ठेवून विचारलं, याचं काय करायचं? ‘गंमत’मधलं टिंब नाकात जातं हे तिला माहीत होतं, हे तर जात नव्हतं. मी म्हटलं, ते आजोबांना विचार. माझी भाजी खाली लागत होती.